बंदुकीच्या दुकानातला जाणकार माणूस ओळखायचा कसा?

नवखा_नेम
नमस्कार मंडळी.

सहा महिने झाले, दहा मीटर एअर रायफल शिकतोय. आजवर क्लबच्या रायफलवर भागवलं. आता स्वतःची घ्यावी म्हणून दोन दुकानं पालथी घातली आणि दोन्हीकडून हात हलवत परत आलो.

पहिलं दुकान मोठं, काचेची कपाटं, लखलखाट. काउंटरवरचा मुलगा चटपटीत. मी तोंड उघडायच्या आत त्याने एक रायफल काढली आणि "ही घ्या, सध्या हीच जोरात चालू आहे" म्हणत गर्रकन वळला. नळी आधी माझ्या पोटावरून आणि मग शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या खांद्यावरून फिरली. मी मागे सरकलो तर हसून म्हणतो, "रिकामी आहे हो!" डायऑप्टरबद्दल, म्हणजे नेम धरायच्या मागच्या भोकाबद्दल, विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्यांचं सारखंच असतं."

दुसरं दुकान लहान. काउंटरमागे साठीच्या एक बाई. त्यांनी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. कधीपासून शिकताय, आठवड्यातून किती वेळा जाता, कोच काय म्हणतात, चष्मा जवळचा की लांबचा, मान दुखते का. कपाटाला हातही लावला नाही. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी शूटिंगचं जॅकेट घेऊन या. त्याशिवाय माप बघण्यात अर्थ नाही."

मित्राचं मत, बाईंना विकायचंच नाहीये, पहिल्याकडे जा, माल समोर आहे, आजच्या आज हातात पडेल. माझा गोंधळ झालाय. समोरचा विक्रेता खरंच जाणकार आहे की नुसताच बोलघेवडा, हे तुम्ही कशावरून ओळखता?

काडीपेटी
पोटावरून नळी फिरली आणि तरी विचारताय कोणाकडून घेऊ? धन्य आहात.

जुनाट
काडीपेटीशी सहमत, पण जरा सविस्तर लिहितो.

"रिकामी आहे हो" हे वाक्य कानावर पडलं की मी दुकानाबाहेर पडतो. चुकून झालेले पुष्कळ अपघात "रिकाम्या" बंदुकांनीच केलेले असतात. जेफ कूपर यांनी रूढ केलेल्या चार नियमांतला पहिलाच नियम हा आहे की प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. विकणाऱ्यालाच तो ठाऊक नसेल तर पुढचं सगळं ज्ञान गेलं पाण्यात.

जाणकाराकडून बंदूक आपल्या हातात कशी येते ते बघा. कपाटातून काढतानाच नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, बाहेर. मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा खटका, उघडतो, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोकावतो, डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून करंगळी घालून चाचपतो. उघड्या बोल्टसकट तुमच्या हातात देतो. तुम्ही परत केलीत की पुन्हा हे सगळं पहिल्यापासून. तुम्ही त्याच्या नाकासमोरून हललेले नसता, तरीही. सुरुवातीला मला हा अपमान वाटायचा. आता कोणी असं केलं नाही तर अपमान वाटतो.

दुसरी खूण, फडकं. मी वर्षानुवर्षं ज्या काकांकडे जातो त्यांच्या खांद्यावर तेलाचं एक मळकं फडकं कायम असतं. गिऱ्हाइकाने हाताळलेली प्रत्येक बंदूक कपाटात जाण्याआधी त्या फडक्याखालून जाते. नळीचा तो निळा-काळा रंग म्हणजे रंग नसतोच, लोखंडावर मुद्दाम चढवलेला काळा गंज असतो. तो तांबड्या गंजाला थोडंफार अडवतो, घामातल्या मिठापुढे मात्र हात टेकतो. नव्या दुकानात गेलात तर कपाटातल्या बंदुकांवर जरा तिरक्या उजेडात नजर टाका. अंगठ्याच्या ठशाएवढा तांबूस डाग दिसला की समजायचं, इथे विकतात, सांभाळत नाहीत.

टोकाचा_माणूस
माझं मत वेगळं आहे, त्यामुळे शिव्या खायला तयार आहे.

दुकान हे दुकान आहे, शिकवणी नाही. मला काय हवंय ते मी आधी वाचून, बघून, चार जणांना विचारून ठरवतो. दुकानात जातो, मॉडेल सांगतो, कागदपत्रं देतो, वस्तू घेतो, निघतो. कोणी मला "मान दुखते का" विचारायला लागलं तर मी सांगेन, दुखते, तुमच्यामुळे. आज सगळी माहिती हाताशी असताना काउंटरवरच्या माणसाकडून ज्ञानाची अपेक्षा ठेवणं हा आळशीपणा आहे.

नळी फिरवणं चूकच. त्यावर वाद नाही.

चष्मिष्ट
टोकाचे राव, वाचून सगळं कळतं, फक्त आपल्याबद्दलचं कळत नाही.

मी उजवा. लिहितो उजव्याने, फेकतो उजव्याने. पहिली शॉटगन घ्यायला गेलो तेव्हा मॉडेल ठरलेलं, रंग ठरलेला. काउंटरवरच्या गृहस्थांनी सांगितलं, दोन्ही हात पुढे करा, पंजे जुळवून मध्ये एक फट ठेवा, त्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी माझ्या नाकाकडे बघा. मी बघितलं. ते म्हणाले, "मला तुमचा डावा डोळा दिसतोय."

उजवा हात, डावा डोळा! चाळीस वर्षं जगलो आणि पत्ता नाही. उडत्या तबकडीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून मारताना मी नळीवरच्या पट्टीच्या रेषेत बघतोय असं मला वाटत राहिलं असतं आणि प्रत्येक बार डावीकडे गेला असता. त्यांनी तीन पर्याय सांगितले. डाव्या खांद्यावरून शिकायचं, बार काढताना डावा डोळा मिटायचा, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी चिकटपट्टी. त्या दिवशी त्यांनी मला चिकटपट्टीचा तुकडा दिला आणि म्हणाले, आधी रेंजवर भाड्याच्या बंदुकीने महिनाभर मारा, मग या.

काडीपेटी
म्हणजे दुकानातून काय घेऊन आलात, चिकटपट्टी?

चष्मिष्ट
हो. फुकट. आणि पुढची सगळी खरेदी त्याच दुकानातून.

डावखुरी
माझा प्रश्न जरा वेगळा. नवखा यांच्याशी त्या मुलाने निदान रायफल दाखवण्याइतपत तरी व्यवहार केला. मी नवऱ्याबरोबर गेले की उत्तरं नवऱ्याला मिळतात. प्रश्न माझा, नेम माझा, परवाना माझा, आणि विक्रेता नवऱ्याच्या डोळ्यात बघून बोलतोय. नवरा बिचारा नुसता पिशवी धरून उभा असतो, त्याला चाप कुठे आणि दस्ता कुठे तेही ठाऊक नाही.

एकटी गेले की दुसरा प्रकार. "मॅडम, ही घ्या, हलकी आहे." अहो, दहा मीटर एअर रायफलमध्ये नियमाने साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं आणि बरेच जण मुद्दाम वजनाच्या पट्ट्या लावून त्या मर्यादेजवळ जातात. जड नळी कमी डुलते. त्या निशाणावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे डुलणं परवडत नाही. हलकी कोणाला आणि कधी बरी पडते हा विचार करून सांगितलं तर ऐकेन, पण "बाई दिसली, हलकी काढ" हे ज्ञान नव्हे.

त्यात मी डावखुरी. उजव्या माणसासाठी केलेल्या शॉटगनचा दस्ता किंचित उजवीकडे झुकलेला असतो, म्हणजे गाल टेकवल्यावर डोळा बरोबर पट्टीवर येतो. डाव्या खांद्याला तोच दस्ता लावला की गालाचं हाड ठेचतं. एका दुकानात हे मीच समजावून सांगितलं. पलीकडून उत्तर, "सवय होईल."

नवखा, त्या साठीच्या बाईंकडे जा. मला पत्ता मिळाला तर मीही जाईन.

गल्ल्यामागचा
इतके दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितो, कारण मी अकरा वर्षं अशाच एका काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभा आहे.

आधी आमची बाजू. माणसं दारातून आत येतात, कव्हरमधून बंदूक उपसतात आणि नळी थेट माझ्या छातीवर. मी खाली वाकतो. ते हसतात. काउंटरशेजारी मी वाळू भरलेली एक बादली ठेवली आहे, "तोंड तिकडे करा आणि मग बोला" हे दिवसातून दहा वेळा म्हणतो. एकदा एका गृहस्थांनी दुरुस्तीला आणलेल्या बंदुकीतून मी जिवंत काडतूस बाहेर काढलं. ते म्हणाले, "अरेच्चा, हे कधीचं?" त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा करंगळी घालून चाचपणं हे नाटक नाही.

आता प्रश्नांबद्दल. टोकाचा_माणूस यांच्यासारखी गिऱ्हाइकं आम्हाला सोपी वाटतात. मॉडेल सांगा, बिल करा, विषय संपला. पण परवा एक जण अडतीस स्पेशलचं रिव्हॉल्वर बाळगणारा आला आणि थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नमची काडतुसं मागायला लागला. कुठेतरी वाचलेलं की दोन्ही एकच. अर्धं खरं आहे. नाव अडतीस असलं तरी गोळीचा व्यास ०.३५७ इंचच असतो. मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये अडतीस स्पेशल चालतं. उलटं नाही. मॅग्नमच्या काडतुसाची पुंगळी तीनेक मिलिमीटरने लांब केली ती ह्याचसाठी, की चुकूनही जुन्या रिव्हॉल्वरमध्ये बसू नये, कारण त्याचा दाब कितीतरी जास्त. मी विचारलंच नसतं, "कशात घालणार?" तर त्याने घरी जाऊन चेंबर घासायला कानशीच काढली असती कदाचित.

आणि आता आमची घाण पण सांगतो. मालक दर महिन्याला सांगतो, अमुक तीन नग पडून आहेत, काढा. मग जो पहिला गोंधळलेला माणूस दारात येतो त्याच्या गळ्यात तो नग जातो. नवखा यांना "सध्या हीच जोरात चालू आहे" असं जे सांगितलं गेलं, त्याचा अर्थ पुष्कळदा "ही अजिबात चालत नाहीये" असा असतो. मीही केलंय हे, पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्यातला एक माणूस आजही रेंजवर भेटतो, नमस्कार करतो आणि मला ओशाळं होतं.

जाणकार कोण, याला माझ्याकडे एकच कसोटी आहे. त्याला असं काहीतरी विचारा जे त्याला येत नसेल. मला जुन्या ठासणीच्या बंदुकांतलं शून्य कळतं. कोणी आणली की मी म्हणतो, "थांबा, आमच्या मिस्त्रींना विचारतो." जो माणूस कुठल्याच प्रश्नाला थांबत नाही त्याच्यापासून चार हात लांब राहा.

टोकाचा_माणूस
गल्ल्यामागचा, तुमचा प्रतिसाद प्रामाणिक आहे, पण त्याने माझंच म्हणणं सिद्ध होतं. विक्रेता मालकाच्या दबावाखाली पडीक नग गळ्यात मारणार असेल तर त्याचं ज्ञान माझ्या काय कामाचं? जेवढा जास्त जाणकार तेवढा जास्त सफाईने गंडवेल.

रिकामटेकडा
मूळ विषय सोडून एक शंका. डावखुरी यांनी "चाप" लिहिलं. आमच्याकडे लहानपणापासून "घोडा दाबला" असंच म्हणतात. बरोबर काय?

जुनाट
घोडा वेगळा, चाप वेगळा. जुन्या बंदुकीला मागे जो कोंबडीच्या मानेसारखा हातोडा असतो तो घोडा. तो अंगठ्याने चढवायचा. बोटाने ओढायचा तो चाप. चाप ओढला की घोडा पडतो. पुढे घोडा आत लपला, बाहेरून दिसेनासा झाला आणि लोकांनी त्याचं नाव चापाला देऊन टाकलं.

शब्दवेडा
वा, आता विषय माझ्या अंगणात आला. काडतूस हे पोर्तुगीज 'कार्तुश'वरून आलेलं, पिस्तूलही त्याच वाटेने. बंदूक अरबी-फारसीतून, आणि अरबीत त्या शब्दाचा मूळ अर्थ एक कवचाचं फळ, म्हणजे हेझलनट. गोळी तशी दिसते म्हणून आधी गोळीला आणि मग ती फेकणाऱ्या वस्तूला. बारा बोअरमधला 'बारा' कुठून येतो हेही अनेकांना ठाऊक नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या केल्या की त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक. आकडा वाढला की भोक लहान.

काडीपेटी
धागा दुकानातून शब्दकोशात गेला. संपादक, लक्ष असू द्या.

आजोबांची_दुनळी
शब्दवेडा यांनी बारा बोअरचा विषय काढला म्हणून माझा अनुभव.

आजोबांची दुनळी वारशाने माझ्याकडे आली. रीतसर नावावर झाली. तीस वर्षं कपाटात कातडी म्यानात होती. मी हौसेने तिच्यासाठी काडतुसं घ्यायला गेलो. "बारा बोअर द्या," एवढंच म्हणालो. काउंटरवर एक म्हातारे आणि एक तरुण. तरुणाने खोका काढलाही. म्हातारे म्हणाले, "बंदूक आणलीय का?" गाडीत होती. आणा म्हणाले.

त्यांनी मोडून उघडली, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, उलट्या करून खालची सपाट बाजू चष्मा कपाळावर ढकलून अगदी नाकाला लावून वाचली. तिथे तपासणीचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून असे ठसे मारत आलंय, लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीची सनद तर १६३७ ची. हे सगळं त्यांनी मला तिथल्या तिथे सांगितलं, आवाज न चढवता. मग मापाची पितळी पट्टी चेंबरमध्ये घातली आणि म्हणाले, "अडीच इंची. हा खोका चालणार नाही."

खोक्यावर ७० मिलिमीटर लिहिलेलं. चेंबर ६५ चं. मी म्हटलं, पण काडतूस तर आत नीट बसतंय की! बसत होतंच. तेच तर धोक्याचं. काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते उडाल्यानंतरची असते. तोंडाशी घडी घालून बंद केलेलं असताना ते आखूड असतं, त्यामुळे छोट्या चेंबरमध्ये आरामात शिरतं. बार काढला की घडी उलगडते, उलगडायला जागा नसते, तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि छर्ऱ्यांची वाट अडते. दाब वाढतो. नळी शंभर वर्षांची.

काडतुसं विकली नाहीत. मिस्त्रींकडून नळ्यांच्या भिंतीची जाडी मोजून घ्या म्हणाले. आणि म्यान बघून हळहळले. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि हवेतला ओलावा दोन्ही धरून ठेवतं, लोखंडाला त्यात वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. खरंच, म्यानाच्या शिवणीची रेघ नळीवर गंजाने उमटली होती.

तो तरुण शेजारी उभा राहून सगळं बघत होता. त्याला म्हाताऱ्यांनी माझ्यासमोर एक शब्द बोलून लाज आणली नाही. फक्त पितळी पट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू मोज."

डावखुरी
अंगावर काटा आला. "आता तू मोज" हे फार आवडलं.

गल्ल्यामागचा
आजोबांची_दुनळी, त्यांना माझा दंडवत. ह्यालाच जोडून एक. वीस बोअरची काडतुसं बहुतेक सगळीकडे पिवळी का असतात? कारण ती चुकून बारा बोअरच्या नळीत टाकली तर घरंगळत चेंबरच्या पुढे जाऊन अडकतात. उघडून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणूस वरून बारा बोअरचं काडतूस भरतो. पुढचं सांगायला नको. म्हणून रंगाने ओळख. आमच्याकडे बारा आणि वीसचे खोके कधीच एका फळीवर नसतात. दुकानात जाल तर हेही बघा.

सायलेन्स_प्लीज
छर्ऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. नवखा दहा मीटरवाले आहेत, त्यांना काडतुसं नकोत, साडेचार मिलिमीटरचे छर्रे लागणार. डब्यावर डोक्याचं माप असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. आपल्या नळीला कुठलं मानवतं हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही. चांगली दुकानं रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळ्या लॉटचे (एका खेपेत बनलेल्या मालाचे) छर्रे मारून बघू देतात, आणि जुळला की त्याच लॉटचे डबे बाजूला काढून ठेवतात. वाईट दुकान म्हणतं, "छर्रा तो छर्रा." त्या मुलाला विचारा, लॉट नंबर कुठे असतो. चेहऱ्यावरून कळेल.

टोकाचा_माणूस
छर्ऱ्यांवरून आठवलं. मी स्प्रिंगच्या एअर रायफलवर बसवायला दुर्बीण घेतली होती. नीट अभ्यास करून, नेटवरून, दुकानाची पायरी न चढता. उत्तम प्रतीची, मोठ्या रायफलींवर चालणारी. महिनाभरात आतली उभी रेघ तुटून लोंबायला लागली. निर्मात्याने वॉरंटी नाकारली. एवढ्या छोट्या रायफलवर कशी काय मोडली हे कोडंच आहे.

जुनाट
कोडं नाही. बारुदाच्या रायफलचा धक्का एका दिशेने, मागे. दुर्बिणी त्या बाजूने भक्कम केलेल्या असतात. स्प्रिंगवाली आधी मागे जाते, मग आतला दट्ट्या पुढे आपटला की रायफल पुढे झटका खाते. हा उलटा झटका साध्या दुर्बिणीला सोसत नाही. एअर रायफलसाठी म्हणून वेगळ्या मिळतात.

दुकानात गेला असतात तर विचारलं असतं, "कशावर बसवणार?"

काडीपेटी
*बार निशाणावर.*

टोकाचा_माणूस
ठीक आहे, ठीक आहे. एका दुर्बिणीवरून सिद्धांत बदलत नाही. पण हसा.

ढगाळ
जरा वेगळ्या सुरात लिहितेय, मूड घालवत असेन तर माफ करा. मी समुपदेशनाचं काम करते, बंदुकीशी माझा संबंध नाही.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून आठवड्याभराच्या आत तिघांनी बंदुका घेतल्या. तिघं एकमेकांना ओळखत नव्हते. तिघांनीही घेतल्यापासून काही तासांत त्याच बंदुकीने आयुष्य संपवलं. त्या दुकानदाराला ते सहन होईना. त्यातून तिथले बंदूकविक्रेते आणि सार्वजनिक आरोग्यात काम करणारे लोक एकत्र बसले आणि 'गन शॉप प्रोजेक्ट' उभा राहिला. काउंटरवरच्या माणसाने काय बघायचं, हे त्यात विक्रेत्यांनीच ठरवलं. माणूस घाईत आहे, कुठली बंदूक हे त्याला महत्त्वाचं नाही, वापरायचं कसं आणि सांभाळायचं कसं यात रस नाही, बोलण्यात नुकत्याच आलेल्या एखाद्या संकटाचा उल्लेख आहे. अशा वेळी विकायचं नाही, बोलायचं.

वरचे प्रतिसाद वाचताना वाटत होतं, वीस मिनिटं प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंना बाकीच्या गोष्टींबरोबर हेही कळत असणार.

गल्ल्यामागचा
मूड वगैरे काही घालवला नाहीत, ताई. बरं झालं लिहिलंत.

आमच्याकडे ह्याचं शिक्षण कोणी देत नाही. मी एकदाच अनुभवलंय. एक माणूस आला, परवाना नीट, कागद नीट. मी दोन बंदुका पुढे ठेवल्या, त्याने एकीलाही हात लावला नाही. बंदूक समोर असताना हात न लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "कुठलीही द्या," म्हणाला. मी खोटं बोललो, की मशीन बंद आहे, बिल होणार नाही, बसा थोडा वेळ. तो बसला. तासभर बोलला. मग त्याच्या भावाला फोन केला, भाऊ येऊन घेऊन गेला. मालकाने विचारलं, काय विकलंस. म्हटलं, काही नाही.

तसंच, निवडतो एक आणि कागद दुसऱ्याचे, असं जोडपं आलं की मी सरळ नाही म्हणतो. मग शिव्या बसतात. बसू दे.

टोकाचा_माणूस
हे वाचून गप्प बसलो होतो. बिल न करणं हे मी विक्रेत्याच्या कामात धरलं नव्हतं. दुर्बिणीबद्दल मात्र अजूनही निर्मात्याची चूक मानतो.

नवखा_नेम
सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वृत्तान्त देतो.

शनिवारी जॅकेट घेऊन बाईंकडे गेलो. डावखुरी ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. त्यांनी जॅकेट घालायला लावलं, सगळी बटणं लावायला लावली, मग बोल्ट उघडा असलेली रायफल हातात दिली (करंगळी घातली, जुनाट काका, मी बघत होतो!). डोळे मिटून खांद्याला लावा म्हणाल्या. मग उघडा. उघडले तर समोर काळं. डोळा डायऑप्टरच्या भोकाच्या पार खाली. त्यांनी गालाची पट्टी दोन आटे वर घेतली, बट (दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक) थोडं आखूड केलं, पुन्हा डोळे मिटा. असं पाच वेळा. सहाव्यांदा डोळे उघडले तर गोल बरोबर गोलात. क्लबच्या रायफलवर मी सहा महिने मान वाकडी करून नेम धरत होतो हे तेव्हा कळलं. "मान दुखते का" हे त्यांनी का विचारलं होतं तेही कळलं.

मी म्हटलं, हीच द्या. त्यांनी हवेचं सिलिंडर फिरवून त्यावरची कोरलेली तारीख दाखवली. दहा वर्षांपेक्षा जुनं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ह्याची जवळजवळ आठ होऊन गेली होती. म्हणाल्या, रायफल चांगली आहे, पण दोन वर्षांत सिलिंडर बदलायला लागेल, नवं मागवते, तोवर थांबा. गालाच्या पट्टीचं आणि बटाचं माप एका चिठ्ठीवर लिहून दिलं, क्लबच्या रायफलवर तेवढं लावून घ्या म्हणून.

काडीपेटी
एकूण हिशेब. चष्मिष्ट यांना चिकटपट्टी, आजोबांची_दुनळी यांना काडतुसं नाहीत, नवखा यांना चिठ्ठी. उत्तम दुकानांचा खप बघून डोळे भरून आले.

नवखा_नेम
छर्ऱ्यांचे दोन डबे पण घेतले हो. एकाच लॉटचे.